प्रार्थनेच्या समासात

गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी मार्कंडा हे तीर्थक्षेत्र आहे. नदी येथे वळण घेऊन काही अंतर उत्तरेकडे वाहते, आणि त्या वळणावर जुन्या दगडी देवळांचा समूह उभा आहे. दहाव्या ते बाराव्या शतकांच्या दरम्यान ही देवळे उभी राहिली, असे अभ्यासक मानतात. १८७३-७४ च्या सुमारास अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या पुरातत्त्वीय पाहणीत या स्थानाची नोंद झाली. आज त्याला कौतुकाने ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हटले जाते. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते.

काही वर्षांपूर्वी धर्मग्रामातील तरुण मुलामुलींना घेऊन मी तेथे गेलो होतो. मुख्य मंदिराच्या बाहेरील भिंतींवर देवदेवतांच्या आणि स्त्री-पुरुषांच्या आकृतींच्या रांगा आहेत, आणि त्यांच्या मधल्या खाचांतून मागच्या पायांवर उभे ठाकलेले व्याल आहेत. सिंहाचे अंग, डोळे बटबटीत, जबडा उघडा, पायाखाली कधी हत्ती तर कधी एखादा योद्धा. बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने मला विचारले, “फादर, देव आत आहे ना? मग बाहेर हे राक्षस कशाला?” मी घाईत होतो, परतीची बस धरायची होती. मी एका शब्दात उत्तर दिले, “शोभेसाठी.”

तो शब्द मला पुढे बराच काळ टोचत राहिला. सेमिनरीत आम्हाला ख्रिस्ती कलेचा इतिहास शिकवला गेला, तेव्हा आमचे प्राध्यापकही अशा आकृतींपाशी आले की हाच शब्द उच्चारून पान उलटत असत. हे उत्तर चुकीचे नसेल, पण अपुरे आहे, आणि अपुऱ्या उत्तराने माणसाचे किती नुकसान होऊ शकते याचा अनुभव मला पुढे माझ्याच धर्मग्रामात आला. त्या अनुभवाकडे मी शेवटी येईन. तत्पूर्वी, ज्या काळात युरोपातील चित्रकारांनी अशा विचित्र आकृतींना सर्वाधिक जिव्हाळा लावला, त्या प्रबोधनकाळाकडे वाचकांनी माझ्याबरोबर यावे अशी विनंती आहे. मार्कंड्याच्या त्या मुलीचे उत्तर मला तेथे सापडले असे वाटते.

इ. स. ६४ मध्ये रोम शहराला मोठी आग लागली. आगीने मोकळ्या झालेल्या जागेवर सम्राट नीरोने आपला ‘सुवर्णप्रासाद’ बांधला. पेत्र आणि पौल यांच्या हौतात्म्याशी परंपरेने ज्याचे नाव जोडले जाते तोच हा नीरो. त्याच्या मृत्यूनंतर पुढील सम्राटांनी तो प्रासाद मातीने बुजवला आणि त्याच्या डोक्यावर सार्वजनिक स्नानगृहे उभारली. चौदा शतके तो जमिनीखाली राहिला. १४८० च्या सुमारास त्या दालनांत शिरण्याची वाट लोकांना सापडली, आणि चित्रकार दोराला धरून आत उतरू लागले. मशालीच्या उजेडात त्यांना जे दिसले ते त्यांनी आजवर पाहिलेल्या कोणत्याही प्रार्थनामंदिरात नव्हते. बारीक देठांवर तोललेले मंडप, फुलातून कमरेपर्यंत उगवलेली माणसे, पंख फुटलेले सिंह, शेपटीची वेल झालेले घोडे, आणि या साऱ्यांना एकत्र ओवणारी एक अखंड, खेळकर रेषा. हे दृश्य भुयारात, म्हणजे इटालियन भाषेतील ‘ग्रोत्ता’त सापडले, म्हणून त्या शैलीला ‘ग्रोतेस्का’ हे नाव पडले. १५०२ मध्ये कार्डिनल पिक्कोलोमिनी यांनी सिएना येथील कॅथेड्रलमधील ग्रंथालय रंगविण्यासाठी पिंतुरिक्कियो या चित्रकाराशी जो करार केला, त्यात हा शब्द आढळतो. पुढील वर्षी हेच कार्डिनल तिसरे पायस म्हणून पोपपदावर आले. या शैलीसाठी मराठीत रूढ शब्द नाही. मी येथे ‘विचित्र अलंकरण’ असे म्हणेन.

एका ख्रिस्तीद्वेष्ट्या सम्राटाच्या भिंतीवरची ही कला तीस-चाळीस वर्षांत थेट पोपच्या निवासस्थानी पोहोचली. दहावे लिओ यांच्या कारकिर्दीत, १५१७ ते १५१९ या काळात, राफाएल आणि त्याच्या साहाय्यकांनी व्हॅटिकनमधील सज्जा रंगविला. त्याच्या छतावर पवित्र शास्त्रातील बावन्न प्रसंग आहेत. म्हणूनच त्याला ‘राफाएलचे बायबल’ म्हणतात. त्या प्रसंगांच्या खाली, खांबांवर आणि कमानींवर, जोव्हान्नी दा उदिने याने पक्षी, मासे, फळे, मुखवटे आणि अर्धे-पशू-अर्धे-माणूस यांची जाळी विणली. वर उत्पत्तीची कथा, खाली उत्पत्ती अजून पुरी न झाल्यासारखा हा गोंधळ. ही मांडणी लक्षात ठेवण्याजोगी आहे: मध्यभागी शास्त्र, कडेला विचित्र अलंकरण. मध्याच्या जागी कोणी मुखवटा बसवला नाही, आणि कडही मोकळी सोडली नाही.

या कलेला विरोध झाला नाही असे नाही. तो विरोध जुना आणि गंभीर आहे, आणि प्रामाणिक टीकेने त्याची बाजू ऐकलीच पाहिजे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हित्रूव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या सातव्या खंडात असल्या चित्रांना फटकारले. बोरूसारख्या काडीने छप्पर कसे पेलावे, देठातून माणूस कसा उगवावा, असा त्याचा रोख होता. जे असत नाही ते रंगवू नये, हे त्याचे सूत्र. बाराव्या शतकात क्लेर्व्होचे संत बर्नार्ड यांनी, सुमारे ११२५ मध्ये, मठांच्या ओवऱ्यांत कोरलेल्या माकडे, नरअश्व आणि अनेक धडांच्या राक्षसांवर कठोर टीका केली. संन्याशाचे चित्त शास्त्रवाचनावरून उडून त्या दगडांत गुंतते ही त्यांची एक तक्रार, आणि गरीब उपाशी असताना एवढा खर्च कशासाठी ही दुसरी. त्या टीकेत बर्नार्ड यांनी या आकृतींचे जे वर्णन केले आहे ते इतके बारीक आणि रसरशीत आहे की ते स्वतः त्यांच्यापुढे बराच वेळ उभे राहिले असावेत, असे वाचकाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. डिसेंबर १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने पवित्र प्रतिमांविषयी आपला निर्णय दिला. त्याच्या प्रकाशात बोलोन्याचे कार्डिनल गाब्रिएले पालेओत्ती यांनी १५८२ मध्ये प्रतिमांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यातील काही प्रकरणे खास या अलंकरणाविरुद्ध खर्ची घातली. जे अंधारात, मूर्तिपूजकांच्या भुयारांत जन्मले, ते देवाच्या घरात शोभत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

या आक्षेपांपैकी बर्नार्ड यांचा खर्चाचा आक्षेप मला आजही निरुत्तर करतो. बाकीच्यांविषयी माझे मत वेगळे आहे. ‘जे असत नाही ते रंगवू नये’ हा नियम पाळला तर प्रकटीकरणाच्या पुस्तकातील सात शिंगे आणि सात डोळे असलेले कोकरू कोणत्याही वेदीवर रंगविता येणार नाही. यहेज्केलच्या दर्शनातील चार मुखांचे प्राणी कोणत्या रानात राहतात? आपल्या चार शुभवर्तमानकारांपैकी तिघांची चिन्हे पंख असलेला सिंह, पंख असलेला बैल आणि गरुड ही आहेत. मिश्र आकृतीला पवित्र शास्त्राने कधीच दाराबाहेर ठेवले नाही. तेव्हा प्रश्न आकृती विचित्र आहे की नाही हा नाही. ती कशाच्या कडेला उभी आहे आणि त्या मध्याशी तिचे काही बोलणे चालू आहे का, हा खरा प्रश्न आहे. एका प्रार्थनापुस्तकाच्या आधारे मी तो स्पष्ट करू इच्छितो.

सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याच्यासाठी १५१३ मध्ये आउग्सबुर्ग येथील मुद्रक योहान शेन्स्पेर्गर याने एक लॅटिन प्रार्थनापुस्तक चर्मपत्रावर छापले. मजकुराभोवती रुंद समास मोकळे ठेवले होते. सम्राटाच्या प्रतीचे समास भरण्याचे काम त्या काळच्या मोठ्या जर्मन चित्रकारांकडे सोपविण्यात आले. त्यांत न्यूरेंबर्गचा आल्ब्रेख्ट ड्यूरर प्रमुख होता. १५१५ मध्ये त्याने सुमारे पन्नास पानांच्या समासांत लेखणीने चित्रे काढली. शाई तांबडी, हिरवी आणि जांभळी. १५१९ मध्ये सम्राट मरण पावला आणि काम अपुरेच राहिले. ड्यूररच्या हातची पाने आज म्युनिकच्या राजकीय ग्रंथालयात जतन केलेली आहेत.

या पानांवर रेषा कशी वागते ते पाहण्यासारखे आहे. अक्षर वळणदार करताना लेखनिक जशी लेखणी फिरवतो तशी ती समासात उतरते, स्वतःभोवती गिरक्या घेते, आणि गिरकी संपते तेथे अचानक एक नाक, एक हनुवटी, एक हसणारा मुखवटा उमटतो. वेलीला बगळा फुटतो. संतांच्या पायाशी माकड बसते. मोहात पडू नये अशी विनवणी ज्या प्रार्थनेत आहे तिच्या शेजारी ड्यूररने बासरी वाजवणारा कोल्हा काढला आहे आणि त्या सुरावर भुलून त्याच्याकडे चाललेल्या कोंबड्या. लहान मुलेही हे चित्र पाहून हसतात. पण मोह म्हणजे काय, तो किती गोड असतो आणि त्यात आपण किती आनंदाने चालत जातो, यावरचे एवढे नेमके प्रवचन मी माझ्या सगळ्या पौरोहित्यात दिलेले नाही. या कोंबड्यांना प्रार्थनेपासून वेगळे काढले तर उरते ती इसापाची एक गोष्ट. प्रार्थनेजवळ ठेवले की कोंबड्या आपण होतो.

याच पुस्तकात आणखी एक पान आहे. पृथ्वी आणि तिच्यावर राहणारे सर्व कोणाचे आहेत हे सांगणाऱ्या चोविसाव्या स्तोत्राच्या समासात एक माणूस उभा आहे. त्याने पिसांचा पोशाख घातला आहे. कोलंबसाच्या सफरीनंतर युरोपला कळलेल्या नव्या भूमीतील हा रानातला माणूस. युरोपीय चित्रकलेत त्या लोकांचे जे अगदी आरंभीचे चित्रण झाले, त्यांत याची गणना होते. तो जमिनीवर उभा नाही. स्वयंपाकघरातील एका मोठ्या पळीवर उभा आहे.

या चित्राने मला प्रथम अस्वस्थ केले. पळी ही थट्टा आहे, हे उघड आहे. ड्यूररने असा माणूस तोवर पाहिलेलाही नव्हता. खलाशांच्या कहाण्या आणि बाजारात मिळणारी छापील चित्रे एवढाच त्याचा आधार असणार. म्हणजे ऐकीव माहितीवरून एका जिवंत समाजाला त्याने मुखवट्यांच्या, माकडांच्या आणि वेलींच्या पंक्तीत बसवले. एवढ्यावर थांबलो तर बर्नार्ड आणि पालेओत्ती यांच्या बाजूने मत द्यावे लागेल, किंबहुना त्यांच्याहून कडक.

पण पान पुन्हा पाहिले की नजर चित्रावरून मजकुरावर जाते. तेथे स्तोत्र आहे, आणि स्तोत्राचा अर्थ संकोच करून घेणारा नाही. पृथ्वीवर राहणारे सर्व म्हणजे सर्व. ज्या सम्राटाच्या हातात हे पुस्तक जायचे होते तोही त्यांत, आणि पळीवरचा माणूसही त्यांत. कागदावर हात चालत असताना चित्रकाराच्या मनात काय होते हे मी ठरवू शकत नाही. मात्र पानाचे म्हणणे स्पष्ट आहे: समासातील चित्र चुकले तर मधला मजकूर त्याला सुधारतो, आणि मजकूर वाचून वाचून गुळगुळीत झाला तर समासातील चित्र त्याला पुन्हा धार लावते. ‘सर्व’ हा शब्द किती लांबवर जातो हे त्या पिसेधारी माणसाशिवाय सम्राटाला कदाचित जाणवले नसते.

पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. १८०८ मध्ये म्युनिक येथे, शिळाछापाचे तंत्र नवेच असताना, स्ट्रिक्स्नर या कारागिराने ड्यूररच्या या समासचित्रांच्या प्रती काढून प्रसिद्ध केल्या. गटेसारख्या महाकवीने त्यांचे कौतुक केले, आणि ड्यूररची ही रेखाटने युरोपभर माहीत झाली. पण त्या छापील पानांवर प्रार्थना नव्हत्या. भोवती चित्रे, आणि मध्ये, जेथे स्तोत्र होते तेथे, कोरी जागा. कोल्हा होता, मोहाची विनवणी नव्हती. पिसांचा माणूस पळीवर उभा होता, पण त्याला पृथ्वीचा रहिवासी म्हणणारे शब्द गेले होते. तो आता खरोखरच निव्वळ शोभेचा झाला.

विचित्र अलंकरणाविषयी मला जे म्हणायचे आहे ते या घटनेत आहे. त्याचा घात दोन प्रकारांनी होतो. एक, ते राक्षसी म्हणून खरवडून टाकणे. दुसरा, ते सुंदर म्हणून मध्यापासून सोलून काढणे. पहिला प्रकार उघड दिसतो. दुसरा कौतुकाच्या वेषात येतो, म्हणून अधिक फसवा.

आता आपल्या चांदा-गडचिरोलीकडे परत येऊ. चंद्रपूरच्या गोंडकालीन कोटाच्या जटपुरा दरवाजाखालून मी शेकडो वेळा गेलो असेन. त्या दरवाजावर गोंड राजांचे चिन्ह कोरलेले आहे: हत्तीला नमवून त्याच्यावर आरूढ झालेला सिंह. हा रानातला सिंह नव्हे. मार्कंड्याच्या व्यालाचाच तो भाऊबंद. हा कोट का बांधला याची जी लोककथा सांगतात, तीही अशीच उलट्या जगातील आहे. खांडक्या बल्लाळशहा शिकारीला गेला असता त्याला दिसले की, कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा त्याच्या शिकारी कुत्र्याच्या मागे लागला आहे. कुत्रा पुढे, ससा मागे. जेथे दुबळा सबळाला पळवतो ती भूमी सामान्य नव्हे असे ठरले, आणि त्या धावण्याच्या वाटेने तटाची रेघ आखली गेली. मध्ययुगीन युरोपातील प्रार्थनापुस्तकांच्या समासांत शिकाऱ्याची शिकार करणारे ससे चितारलेले असतात, हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हा चांद्याचा ससा आठवला. या दोन सशांचा काही ऐतिहासिक संबंध आहे असे मी मुळीच सुचवत नाही. एवढेच म्हणतो की, जगाची रीत उलटी होऊ शकते ही आशा माणसे नगराच्या आणि ग्रंथाच्या कडेवर लिहून ठेवतात. मरियेच्या स्तोत्रात गर्विष्ठ खाली येतात आणि दीन वर चढतात, तेथे ती आशा मध्यभागी आली आहे.

देवळांच्या चौकटीवर आणि कमानीवर कोरल्या जाणाऱ्या कीर्तिमुखाची पुराणकथा याहून बोलकी आहे. शिवाच्या क्रोधातून एक भुकेला प्राणी जन्मला. ज्याला खायचे त्या राहूला अभय मिळाल्यावर त्याने विचारले, आता मी काय खाऊ? स्वतःलाच खा, असे उत्तर मिळाले, आणि आज्ञाधारकपणे पायांपासून सुरुवात करून त्याने स्वतःला खाल्ले. उरले ते फक्त मुख. शिव प्रसन्न झाला आणि त्या मुखाला त्याने दारावर कायमचे स्थान दिले. आपण या कथेवर श्रद्धा ठेवत नाही. पण तिच्यातील कलाविचार नाकारण्याचे कारण नाही. माणसातली जी भूक आवरत नाही, तिला मंदिराबाहेर हाकलून दिलेले नाही आणि गाभाऱ्यातही नेलेले नाही; उंबरठ्यावर बसवून तिला पहारा दिला आहे. मार्कंड्याला तर मृकंडू ऋषींच्या अल्पायुषी मुलाला न्यायला आलेल्या यमाचेही देऊळ आहे. ज्याचे भय वाटते त्यालाही तेथे जागा मिळाली आहे.

आपल्या ख्रिस्तसभेलाही हे परके नव्हते. गोव्यातील कित्येक जुन्या चर्चमधील लाकडी प्रवचनपीठे पाहावीत. वर शुभवर्तमानकार कोरलेले असतात, आणि तळाशी, सगळा भार डोक्यावर घेऊन, कमरेवर स्त्री आणि कमरेखाली नाग वा मासा असलेल्या आकृती. आराखडा पोर्तुगालहून आला असेल. हात येथल्या सुतारांचे होते आणि त्यांनी ओळखीच्या नागकन्येला कामाला लावले. ज्या पाद्रीबाबांनी त्या पीठांवरून मूर्तिपूजेविरुद्ध प्रवचने दिली, त्यांच्या पायाखाली ती शतकानुशतके गुपचूप उभी राहिली आहे.

आता माझ्या धर्मग्रामाची हकिकत. चांद्याचे धर्मक्षेत्र १९६२ मध्ये निर्माण झाले. त्याच वर्षी दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली. १९६३ च्या उपासनेवरील घोषणापत्रात परिषदेने सर्व लोकांच्या आणि प्रदेशांच्या कलेला ख्रिस्तसभेत मोकळी वाट दिली. हे वाक्य मी प्रवचनांत अनेकदा वापरले आहे. काही वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या दक्षिण भागातील आमच्या एका लहान प्रार्थनागृहाचे नूतनीकरण निघाले. आलापल्लीच्या सागवानाचे दार करायचे ठरले आणि काम एका माडिया कारागिराकडे दिले. त्याने दार साधे केले. मात्र चौकटीच्या वरच्या फळीवर, आम्ही न सांगता, काही आकृती कोरल्या. एक वाघ, ज्याचे तोंड थोडे माणसासारखे होते. एक घोरपड, जिची शेपटी लांबत जाऊन मोहाची डहाळी झाली होती. मधमाश्यांचे पोळे. मी विचारले, “दादा, हे काय केलंत?” तो सहज म्हणाला, “दारात कोनीतरी पायजे ना, फादर.”

समितीत मतभेद झाले. ज्यांना ते खटकले त्यांचा हेतू वाईट नव्हता. स्वतःचे जुने आचार सोडून आलेल्या कुटुंबांना ते चित्र मागे खेचणारे वाटले, आणि त्यांची भीती हसण्यावारी नेण्याचा मला अधिकार नाही. पण मी त्या वेळी ना त्यांची समजूत घातली, ना त्या फळीची बाजू मांडली. ‘शोभेचेच तर आहे, काढून टाकू,’ एवढे बोलून मोकळा झालो. मार्कंड्याचा तोच शब्द. फळी उतरवून कोठीत ठेवली गेली आणि तिच्या जागी कोरी फळी बसली.

पुढची चूक याहून मोठी आहे. ‘आदिवासी भागातले चर्च आहे, काहीतरी आदिवासी हवेच,’ म्हणून वेदीभोवती रंगाऱ्याकडून पांढऱ्या रेषांची नक्षी काढून घेतली. त्रिकोणी अंगाची माणसे, तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचे वर्तुळ. ही वारली चित्रे. गडचिरोलीची नव्हेत, राज्याच्या दुसऱ्या टोकाची, पालघर-डहाणूकडची. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या थोर कलावंताने ती जगापुढे नेली, आणि त्यांचा मला आदरच आहे. पण वारली घरात लग्नाच्या वेळी सुवासिनी भिंतीवर जो चौक लिहितात, त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. तो चौक तिच्यासाठी असतो. निमंत्रणपत्रिकांवर, उपाहारगृहांच्या भिंतींवर आणि आमच्या वेदीभोवती तिच्याविना फक्त कड आली. १८०८ मध्ये म्युनिकला जे घडले तेच आम्ही केले, आणि वर त्याला संस्कृतीचा सन्मान म्हटले.

उद्घाटनाच्या मिस्सेला तो कारागीर आला होता. मिस्सा झाल्यावर तो वेदीसमोर बराच वेळ उभा राहिला. मग नाचणाऱ्या माणसांकडे बोट करून त्याने मला विचारले, “हे कोन आहेत जी?” त्याच्यासाठी म्हणून काढलेल्या चित्रात त्याला कोणीच ओळखीचे भेटले नव्हते. मी त्याला काय उत्तर दिले ते आता आठवत नाही; बहुधा मी दिलेच नाही.

ड्यूररच्या चरित्रात याला एक पुढचा भाग आहे, आणि तो मला धीर देतो. समासात पळीवरचा माणूस काढल्यानंतर पाच वर्षांनी, ऑगस्ट १५२० मध्ये, तो ब्रसेल्सला गेला. मेक्सिकोहून राजासाठी पाठवलेल्या वस्तू तेथे मांडल्या होत्या: सोन्याचा मोठा सूर्य, चांदीचा चंद्र, शस्त्रे, वस्त्रे. ड्यूरर सोनाराचा मुलगा, कारागिरी ओळखणारा. आपल्या रोजनिशीत त्याने नोंदवले की, आयुष्यात इतका आनंद देणारे काही पाहिले नव्हते, आणि त्या दूरदेशीच्या लोकांच्या सूक्ष्म बुद्धीने तो थक्क झाला. ज्याला त्याने ऐकीव माहितीवरून वेलीबुट्टीत बसवले होते, तो स्वतः नक्षी करणारा निघाला. ड्यूररला हे कळायला त्या लोकांच्या हातचे काम डोळ्यांनी पाहावे लागले. आमच्याकडे तर ते काम दाराच्या चौकटीवर होते, आणि आम्हीच ते उतरवले.

मार्कंड्यात प्रश्न विचारणारी मुलगी आता परिचारिका होऊन दुसऱ्या शहरात काम करते. तिला मी आज असे सांगेन: देव आत आहे म्हणूनच ते बाहेर आहेत. आपल्यातले जे अर्धे घडलेले आहे, भुकेले आहे, ज्याला अजून नाव मिळालेले नाही, त्याला देवाच्या घराच्या कडेला जागा आहे. त्याने मध्याची जागा घेऊ नये, आणि मध्याने त्याला हाकलू नये. कड पाहताना मध्याची प्रार्थना वाचावी, आणि प्रार्थना म्हणताना कडेला कोण उभे आहे तेही पाहावे.

गेल्या पावसाळ्यानंतर मी कोठीतली ती फळी काढून पाहिली. ओलीने तिला भेग गेली आहे. मी त्या कारागिराच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तो फारसे काही बोलला नाही. जुनी फळी आता उपयोगाची नाही, नवी करावी लागेल आणि मोहाचा हंगाम संपल्याशिवाय जमणार नाही, एवढे त्याने सांगितले. मग, आत वेदीजवळ काय वाचतात ते एकदा समजावून सांगा, असेही म्हणाला. मी त्याला चोविसाव्या स्तोत्राचा अर्थ सांगितला. समितीने अद्याप संमती दिलेली नाही. बैठक पुढील महिन्यात आहे. तेथे मी हा लेख वाचून दाखवणार आहे.